लिंबाखालची भाजी

आनो पिगादी, क्रीट
१२ मार्च १९९८

प्रिय गारिफालियाताई,

तुला आणि मुलांना गोड पापा. गुडघा कसा आहे? तिकडे जर्मनीत तुम्ही अजून शेकोटीला चिकटून असाल. इकडे बदामाचा बहर झडूनसुद्धा गेला. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, आणि बागेत तण असं माजलंय की आई असती तर सुरी घेऊन सकाळीच बाहेर पडली असती. पाथरी, रानचुका, खसखशीचा कोवळा पाला. मी रोज उकडते, वर ऑलिव्हचं तेल, लिंबू. बाजाराकडे फिरकलेसुद्धा नाही. तब्येत ठणठणीत.

मागच्या महिन्यात बागेत चोर सापडला.

मी कपडे वाळत घालत होते. बघते तर लिंबाखाली कोणीतरी ओणवं होऊन पाला ओरबाडतंय. ओरडले, "कोण आहे रे मेल्या?" तो सरळ उभा राहिला. मानूसोस.

हो, तोच. पत्र चुरगाळू नकोस, पुढे वाच.

तुझी अंगठी परत पाठवून त्याने आर्गिरोशी लग्न केलं, तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव निघालं नाही. रस्त्यात दिसला तर मी पलीकडून जात असे. आर्गिरो गेल्या शरदात वारली, तेव्हाही मी फक्त चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. आणि आता हा माझ्या बागेत, हातात पिशवी, कान लालेलाल.

"माझ्या शेतात औषध मारलंय गं," म्हणाला. "म्हटलं, तुझ्याकडे उगवून वायाच जातं."

"वाया? मी काय गवत खाऊन जगते?"

"तेच तर मलाही खायचं होतं."

हसू आलं, पण दाखवलं नाही. "जा घेऊन," म्हटलं, "आणि पुन्हा यायचं तर फाटकातून ये." तो वळला तेव्हा पिशवीतून बाहेर आलेला देठ दिसला. गुळगुळीत, पोकळ, त्यावर जांभळे ठिपके.

ताई, तुझ्यापासून काय लपवू? एक क्षण मी गप्प उभी राहिले. तुझे तेव्हाचे सुजलेले डोळे समोर आले. मग धावले आणि पिशवी हिसकावून जमिनीवर उपडी केली.

"हे काय आहे?"

"रानगाजर. आर्गिरो आणायची."

"चुरगाळ. वास घे."

त्याने घेतला आणि तोंड वाकडं केलं. "उंदीर मुतल्यासारखा येतोय."

"कोनियो आहे हा. विष! रानगाजराच्या देठावर लव असते, वासही गाजराचाच. हा गिळला असतास तर हातपाय लुळे पडून श्वास अडकला असता."

तो तिथेच दगडावर बसला. म्हणाला, "चाळीस वर्षं ताटात आलं ते खाल्लं, रोदान्थी. कशाचं काय, कधी विचारलंच नाही तिला." मग रडायला लागला. मी पाणी आणून दिलं.

कोनियोच्या शेजारी पडलेली सगळी भाजी मी फेकली. हात धुवायला लावले. दुसऱ्या दिवशी तो फाटकातून आला. मी एकेक पान दाखवलं. पाथरी तोडली की पांढरा चीक येतो, चुका जिभेवर आंबट लागतो. शंका आली तर फेक, भुकेने कोणी एका दिवसात मरत नाही. हळूहळू शिकतोय. परवा चिडवलं, "घोडा म्हातारा झाल्यावर नाचायला शिकतोय." म्हणाला, "शिकवणारी भेटली उशिरा, त्याला घोडा काय करणार?"

हे असं बोलणं तुला कसं लागेल, कळतं मला. म्हणून तर दोन पानं भाजीचंच लिहीत बसले.

तो तुझ्याबद्दल विचारतो. "गारिफालिया मला माफ करेल का?" मी म्हटलं, "मी तिची वकील नाही. तिलाच विचार, तोंडावर."

ईस्टरनंतरच्या रविवारी आमचं लग्न आहे. एकटेपणाला कंटाळले म्हणून नव्हे. माझं घर आहे, बाग आहे, दोन वेळची भाकरी आहे. दुपारी जेवायला बसले की तो फाटक कधी उघडतोय याकडे माझे कान असतात, म्हणून. परवानगी मागत नाही, कळवते आहे. पण तू आली नाहीस तर मला जन्मभर डाचेल, हेही कळवते आहे. तो बोटीवर तुला घ्यायला येणार म्हणतोय. तिथेच चार माणसांत त्याच्या थोबाडीत मारायची असेल तर मार. मी मध्ये पडणार नाही.

तुझी धाकटी, या बातमीनंतरही तुझीच,
रोदान्थी