दुसरी हाक

ड्रेस्डेन, रविवार

ती. बाबांना शिवांगीचा नमस्कार,

मी मजेत आहे. काल ऑफिसातल्या प्रणवबरोबर जवळच्या डोंगरावर फिरून आले. काळजी करू नका, इथे वाटेवर झाडाझाडाला पिवळी रेघ रंगवलेली असते, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. आईनं विणलेली कानटोपी घातली होती.

वारा मात्र भयंकर होता. प्रणव वळणापुढे गेला आणि मागून हाक आली, ‘शिवडेऽऽ’. मला शिवडे फक्त आईच म्हणते. वळून पाहिलं तर नुसते पाइन हलत होते.

मी ओ दिली नाही. रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, खरं माणूस पुन्हा हाक मारतं, हे तिनंच शिकवलंय. थांबून राहिले. प्रणव मला शोधत परत आला, तरी दुसरी हाक आली नाही.

तुमचा गुडघा कसा आहे?

बाबा, आई हॉस्पिटलातून घरी आल्यापासून मी फोन केला की तुम्ही ‘ती झोपलीय’ म्हणता आणि विषय बदलता. फोनवर विचारायचा धीर होत नाही, म्हणून लिहितेय. तिला उठवा आणि मला हाक मारायला सांगा. या वेळी पहिल्याच हाकेला ओ देईन.

तुमची,
शिवडी