सेट म्हणतो सेफ

९ फेब्रुवारी १९९८
लिहायचं लिहायचं म्हणत संक्रांत गेली. कंटाळा, दुसरं काय. कधी दिघ्याला, कधी मार्केटात कांद्याच्या ट्रकवाल्यांबरोबर. ताई म्हणते, तुझा पाय घरात ठरत नाही. राहतो तिच्याकडेच, सानपाड्यात, म्हणून ऐकून घेतो.

दिलीप गाडीतला सीडी प्लेअर देऊन गेला. तो एका सेठकडे ड्रायव्हर. डिस्क आत अडकलीय. "शुक्रवारी सेठला पायजे. तू आयटीआयवाला हायस ना?" अर्धाच, कोर्स मध्येच सोडलेला. पण हो म्हटलं.

वायरी बघितल्या. सॉकेटमधून काढलेल्या नाहीत, कापल्यात. विचारलं तर दिलीप म्हणाला, "घाई होती रं." स्वतःच्या सेठच्या गाडीत कसली घाई?

१० फेब्रु.
झाकण उघडलं. आतला रबरी रोलर गुळगुळीत झालाय, डिस्क पकडतच नाही. पॉलिश पेपरने घासला. भिंगावरून कापूस. मध्येच खाली मॅच चालू झाली म्हणून गेलो, परत आलो तर एक स्क्रू गायब. ताईला केर काढताना मिळाला. करंटसाठी दाजींच्या स्कूटरची बॅटरी वर आणली. घुर्र करून डिस्क बाहेर.

तिच्यावर जिलेबीसारखी अक्षरं, मद्रासकडची. आणि सेठ गुजराती, भजनाशिवाय काही लावत नाही, हे दिलीपनेच सांगितलेलं. मग...

तेवढ्यात सेटच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उजळली. सेफ. ताई म्हणाली, "म्हणजे सुखरूप आहे. जेव आता." बरं वाटलं. म्हटलं, मशीनच सांगतंय.

११ फेब्रु.
बॅटरी परत लावायची राहिली. दाजी ऑफिसला निघाले, हॉर्न वाजेना. परत वर आले. "रस्त्यातल्या म्हशीसमोर तोंडाने पों पों करू का, शास्त्रज्ञ?"

सेट कुठलंही बटण दाबलं तरी सेफच म्हणतो. गाणं नाही. वाशीच्या एका दुकानात दाखवला. दुकानदार हसला. "सेफ म्हणजे कुलूप. करंट तुटला की लागतं. चोरानं नेला तरी वाजू नये म्हणून. नंबर टाका, मालकाला माहीत असतो. कोणाची गाडी?"
"दाजींची."
"मग दाजींना विचार की."
दाजींकडे स्कूटर. पिशवी छातीशी धरून निघालो. येताना उसाचा रस पिणार होतो, नाही प्यायलो. सारखं मागे बघत होतो.

१२ फेब्रु.
दिलीपला पाण्याच्या टाकीखाली गाठला. नंबर मागितला.
"कसला नंबर? लॉटरी हाय का?"
"सेठला विचार ना."
"सेठ गावाला गेलाय."
परवा याच सेठला शुक्रवारी पाहिजे होता. आणि हा बोलताना माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघत होता. डिस्कबद्दल विचारायचं तर राहूनच गेलं, मुद्दाम की काय कोण जाणे. जिवाभावाचा दोस्त आहे. सानपाड्यात नवीन आलो तेव्हा याच्याच आईने भाकरी-बोंबील घातलेत मला.

१३ फेब्रु.
शुक्रवार. दिलीप नाही. घरी गेलो तर त्याची आई म्हणते, "तुज्याकडंच येतो म्हनून सकालीच गेला."

रात्री दाजींनी पिशवी बघितली. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "कुणाचं आहे?" दिलीपचं म्हणालो. "दिलीपला गाडी आहे?" मग ताईकडे बघून, "पोलीस आले तर दारावरची पाटी माझी आहे. उद्यापर्यंत ज्याचं त्याला दे, नाहीतर पिशवीबरोबर तूही."
ज्याचं त्याला. पण कोणाचं?
ताईने माझ्या ताटात अजून एक पोळी टाकली.

१४ फेब्रु.
सकाळी रोलर पुन्हा पुसला. कशाला, माहीत नाही. दिलीप खरं बोलला असेल आणि मी सेट पोलिसात दिला तर? तो खोटं बोलला असेल आणि नाही दिला तर? सेट मात्र आपला सेफ.

बेल वाजली. दिलीपच असेल, म्हणून पेन ठेवलं नाही. ताई दार उघडून आत आली, हळू आवाजात म्हणते, "कोणी साहेब आहेत. एकटेच. विचारतायत, दिलीप का फ्रेंड इधरइच रहता क्या."
फटीतून बघितलं. इस्त्रीचा शर्ट, घामाघूम. चेहऱ्यावरून काही कळत नाही. हातात सीडीची डबी. रिकामी. वर तीच जिलेबीसारखी अक्षरं. म्हणजे सेट याचाच.
ताई पाणी घेऊन गेली. म्हणाली बसा. तो बसला, पण डबी हातातच धरून. पेन ठेवतो, पिशवी बाहेर नेतो.