तीन मिनिटं बावीस सेकंद

३ फेब्रुवारी

ठरलं! शेवटच्या वर्षाचा म्युझिक व्हिडिओ ताईच्या गाण्यावरच करायचा. सरांनी विचारलं, "गाणं कुणाचं?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं. तिनंच लिहिलंय, तिनंच गायलंय." "मग तिच्या सहीचं संमतीपत्र आणा. सही नाही तर जमा नाही. चोवीस तारीख, दुपारी बारा." मी मान डोलावली. जणू काही ताई शेजारच्या खोलीत बसलीय!

दोन वर्षं झाली तिला घर सोडून. वाढदिवसाला मेसेज येतो, "बरी आहे." एवढंच.

४ फेब्रुवारी

संमतीपत्र पाठवलं. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

६ फेब्रुवारी

उत्तर आलं. "ते गाणं नको. दुसरं कुठलंही घे."

का नको, ते मला माहीत आहे. त्या गाण्यावरूनच तर सगळं झालं. बाबांना वाटत होतं, तिनं शिंपीकाम शिकावं, त्यांच्याशेजारी दुसऱ्या शिलाई मशीनवर बसावं. तिला गायचं होतं. त्या दिवशी दारात बॅग घेऊन ताईनं विचारलं, "बाबा, तुम्ही एकदा तरी ऐकलंय का माझं गाणं?" बाबा कापडावरून मान वर न करता म्हणाले, "ऐकलेलं नाही. ऐकायचंही नाही." मशीन चालूच. बाबा मशीन कुणासाठी थांबवत नाहीत. पाहुणे आले तरी मशीनवरूनच "या, बसा."

मी मध्ये काहीतरी बोलायला हवं होतं. शुंभासारखी उभी राहिले.

९ फेब्रुवारी

आमची फौज: कॅमेऱ्यावर शिडी (उंचीवरून पडलेलं नाव, बिचाऱ्याला आता खरं नावसुद्धा आठवत नसेल), आवाजाला कानवाली, जी जेवतानाही हेडफोन काढत नाही, आणि ओठ हलवायला हिरॉईन. हिरॉईन कॉलेजच्या नाटकात दोनदा राणी झालीय आणि अजून उतरलेली नाही.

तिला ताईचा पिवळा ड्रेस घालायचाय. कमरेत सैल होतो. दुसऱ्या कुणाकडे नेला असता, पण पैसे वाचवायला गेले आणि बाबांपुढे ठेवला. म्हटलं, "कॉलेजात नाटक आहे." खोटं! बाबांनी ड्रेस उलटा करून शिवण पाहिली. त्यांचीच शिवण.

१० फेब्रुवारी

ड्रेस तयार. बाबा म्हणाले, "जादाचं कापड कापलेलं नाही. आत दुमडलंय. टाके उसवले की पुन्हा पहिल्यासारखा होईल."

कुणाला होईल, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात हे असंच. आई असती तर तिनं दोघांना कान धरून समोरासमोर बसवलं असतं.

१४ फेब्रुवारी

कॉलेजच्या गच्चीवर शूटिंग. शिडीची युक्ती अशी की गाणं दीडपट वेगानं लावायचं, हिरॉईननं त्याच वेगानं ओठ हलवायचे, मग चित्र संथ केलं की ओठ गाण्याशी जुळतात आणि केस, ओढणी सगळं तरंगायला लागतं. पण कानवाली आवाजाची पट्टी तीच ठेवायला विसरली. स्पीकरमधून एकदम चिमुरड्या पोरीचा आवाज! सगळे पोट धरधरून हसले.

मी नाही हसले. तो आवाज मी ओळखला. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालताना ताई गुणगुणायची, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी पाच. अगदी तोच आवाज. मी टाकीमागे जाऊन उभी राहिले. डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगितलं. शिडीनं खरं मानलं. कानवालीनं नाही.

तिला सांगितलं मग सगळं. म्हटलं, मला मार्क नकोत, सही नको, मला ताई हवीय.

१८ फेब्रुवारी

सही नाही. हिरॉईन म्हणते, "मी गाते ना पुन्हा! शब्द थोडे बदलू." सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणाले. घरी येऊन जेवले नाही.

२१ फेब्रुवारी

हिरॉईननं गायलं. सुरात आहे. राग येईल इतकं सुरात आहे.

२२ फेब्रुवारी

कानवालीचा हट्ट: "मूळ फाइल दे. तू दिलेली कापलेली आहे. निदान आपल्यापुरतं तरी ताईचं गाणं नीट स्वच्छ करू." जुना फोन शोधला. बॅटरी फुगलेली, पण चालू झाला. रेकॉर्डिंगच्या वेळी ताई कपाटात पांघरुणांत तोंड घालून गायली होती, मी बाहेर फोन धरून. बाबांना कळू नये म्हणून!

कानवाली ऐकत होती. म्हणाली, "सुरुवातीला कसली खडखड आहे गं?" मी म्हटलं, "बाबांचं मशीन. दिवसभर चालू असतं. काप ते." ती म्हणाली, "पण गाण्यात नाहीये."

हेडफोन माझ्या कानांवर घातला. आमचं खिदळणं, मागे मशीन. ताई पहिली ओळ गाते. मशीन थांबतं. तीन मिनिटं बावीस सेकंद काही नाही. गाणं संपतं. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा खडखड.

कानवाली म्हणाली, "दोरा तुटला असेल."

पण ताई तेव्हा दोनदा गायली होती. दुसऱ्यांदाही तेच. सुरुवातीला थांबलं, शेवटी सुरू झालं.

एकदा दोरा तुटतो. दोनदा नेमका गाण्यापुरता नाही तुटत!

२३ फेब्रुवारी

सगळी फाइल ताईला पाठवली, न कापता. खाली एवढंच लिहिलं: "सही राहू दे. मशीनकडे लक्ष देऊन ऐक."

दोन निळ्या खुणा. दिवसभर काही नाही.

उद्या हिरॉईनचा आवाज जमा करायचा.

२४ फेब्रुवारी

सकाळी साडेनऊला पुढच्या खोलीत बाबांचा फोन वाजला. "कोण?" म्हणाले. मशीन थांबलं. मग म्हणाले, "दोन्ही वेळा, बाळा."

सव्वाअकरा झालेत. बारापर्यंत पोचायचंय. मी दाराआड उभ्याउभ्याच हे लिहितेय. मशीन अजून बंद आहे.