लंडन, मार्गे ग्वाल्हेर

११ मे १९५३, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते.
सरकार काल इंदुरात उतरलं. आमच्या मध्यभारताला राजधान्या दोन: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर, आणि वर्षातून दोनदा फायलींची वरात. लंडनला गेल्यावर हे तपशील विसरायला होतील म्हणून लिहून ठेवतो.
लंडनचं आता ठरल्यातच जमा आहे. तिथल्या इंग्लिश-मैत्री समितीचा प्रोग्रॅम इंदुरात येतोय. लंडनहून एक मिस येणार, शाळांतल्या चोवीस इंग्रजी मास्तर-मास्तरणींना सहा महिने शिकवणार. लोकल ऑर्गनायझर म्हणून शिक्षण खात्यातून मी, सीनियर क्लार्क जयसिंगराव फणसे. ऑर्डरमध्ये काम लिहिलंय: हॉल, खुर्च्या, खडू, पिण्याचं पाणी. पण ओळींच्या मधलं वाचता आलं पाहिजे. ही डिप्लोमसी आहे. इंग्रज गेले तेव्हा तोफा घेऊन गेले, आता व्याकरण घेऊन येताहेत. बोलणी करायला माणूस तसाच हवा. आमचे पणजोबा दरबारात रेसिडेंटसाहेबाचा घोडा धरत, म्हणजे परराष्ट्र व्यवहार घराण्यातच आहे.
शेवटच्या परिच्छेदात आहे की प्रोग्रॅम संपल्यावर इथल्या एकाला वर्षभर ट्रेनिंगसाठी लंडनला नेणार. कोणाला, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरज नव्हती.
संकल्प: रोज पाचला उठणे. पन्नास शब्द पाठ. घरात संध्याकाळी सात ते आठ फक्त इंग्रजी.

१२ मे
साडेसातला उठलो. शब्द पाचच झाले, पण अवघड होते.

१५ मे
घरच्या इंग्रजीचा चौथा दिवस. पहिल्या दिवशी सौ.ने विचारलं होतं की भाजीत मीठ कमी पडलंय का, हे इंग्रजीत कसं विचारायचं. सांगितलं. मग म्हणाली, आणि तुम्ही उत्तर काय देणार, तेही सांगून ठेवा, म्हणजे विचारायलाच नको. आता सात वाजले की ती शेजारच्या सखुबाईंकडे जाते. घरात अगदी शांतता. इंग्रजी वातावरण म्हणतात ते हेच असावं.

२ जून
मिस पेनफोल्ड आल्या. उंच, हसतमुख. स्टेशनवरच मी अकरा मिनिटं इंग्रजीतून स्वागत केलं. त्या नऊ वेळा पार्डन म्हणाल्या. थंड देशात कान लवकर जातात हे ऐकून होतो, पण इतक्या कमी वयात वाईट वाटलं. सौ.ला लसणीचं तेल काढायला सांगितलं. बाटली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. दोन देशांमधली पहिली भेटवस्तू.

२० जून
क्लास जोरात. खुर्च्या, खडू, पाणी उत्तम. माठात वाळा टाकलाय.
मुलींच्या शाळेतल्या प्रेमलताबाई मात्र काळजीचा विषय. वडील मिलमध्ये कारकून, मुलगी हुशार, पण इंग्रजी फारच सोपं. चहा आवडतो, आज ऊन आहे, असली वाक्यं. मिसना ती लगेच कळतात, दोघी हसतात. लहान मुलांशी मोठी माणसं अशीच हसतात. बाईंना बाजूला घेऊन मायेनं सांगितलं की प्रत्येक वाक्यात निदान एक मोठा शब्द हवा. त्या हो सर म्हणाल्या आणि विचारलं, कोणता. उद्या सांगतो म्हटलं.

१२ जुलै
मिसना राजवाडा दाखवला, मग टांग्याने खजराण्याचा गणपती. सौ. बरोबर. रस्ताभर मी अहिल्याबाईंचा इतिहास इंग्रजीतून सांगितला. मिसनी सौ.कडे पाहिलं. सौ. एवढंच म्हणाली की बडी रानी थी, बहुत अच्छी, आणि हात जोडले. मिसना कळलं. पाया मी घातला होता.
पोह्यांच्या दुकानात मिस स्वतः म्हणाल्या, भिया, सेव थोडी और. दुकानदार खूश, मी अस्वस्थ. आपण त्यांची भाषा घ्यायची असं ठरलंय, त्यांनी आपली घ्यायची असं कुठल्याही कागदात नाही. तक्रारवजा चिठ्ठी लिहिली. मैत्रीखातर दिली नाही.

१७ ऑगस्ट
लंडनचे फॉर्म आले. एकच कागद. पुढे नाव-गाव, मागे का जायचं आहे ते लिहायचं आणि एकतीस ऑक्टोबरच्या आत मिसकडे द्यायचा. प्रेमलताबाईंनीही मागितला. मीच दिला. उत्साह मोडू नये.
राजवाड्याजवळच्या शिंप्याकडे गरम कोट टाकला. तो म्हणाला, भिया, इत्ती उमस में? म्हटलं, इथे घालायचा नाहीये.
बातमी देवासपर्यंत गेली. सासरे निरोप द्यायला आले. अजून अवकाश आहे म्हटल्यावर वाट बघत चार दिवस राहिले.

६ सप्टेंबर
चौथा मसुदा. पानं सहा.
प्रेमलताबाईंनी फॉर्म देऊनही टाकला. बाकावर बसून अर्ध्या तासात लिहिला म्हणे. काय लिहिलं विचारलं. म्हणाल्या, माझ्या मुली इंग्रजी वाचतात पण बोलायला घाबरतात, ही भीती कशी घालवायची ते शिकायचंय, बस इतनाच. बिचारी. आंतरराष्ट्रीय दृष्टी कुठेच नाही.

२८ सप्टेंबर
नववा मसुदा. एकदम लक्षात आलं की अर्जाला फाइलच नाही. वीस वर्षांच्या नोकरीत फाइलशिवाय कागद हललेला मी पाहिला नाही. लगेच फाइल उघडली. ऑर्गनायझर या नात्याने मी ती सीनियर क्लार्ककडे, म्हणजे माझ्याकडे, सादर केली. सीनियर क्लार्क या नात्याने तीन शंका काढल्या. ऑर्गनायझरला उत्तरं द्यायला चार दिवस लागतील. सीनियर क्लार्क कडक आहे. राग येतो, पण माणूस कामाचा.

२२ ऑक्टोबर
दसरा झाला. सरकार ग्वाल्हेरला निघालं. पेट्या भरण्याची यादी दर वर्षी माझीच, आणि नियमही माझा: लाल चिठ्ठीच्या, म्हणजे अति तातडीच्या, फायली पहिल्या पेटीत. दोन तारखेला समितीचे दिल्लीचे साहेब प्रोग्रॅम बघायला येणार, म्हणून मी आणि मालोजी शिपाई तोवर इथेच.
तेरावा मसुदा फॉर्मसकट फाइलमध्ये लावला. टेबलावर कोणी हलक्यात घेऊ नये म्हणून वर लाल चिठ्ठी डकवली.

२६ ऑक्टोबर
मी हॉलची व्यवस्था बघत होतो तेवढ्यात ऑफिसचा ट्रक भरून गेला. दर वर्षीपेक्षा शिस्तीत.
घरी येताना शेवटचं वाक्य सुचलं. फार वजनदार आहे. उद्या घालतो आणि फॉर्म मिसच्या हातात देतो.

२७ ऑक्टोबर, सकाळी ११
टेबल रिकामं.
मालोजीला विचारलं. म्हणाला, साब, लाल चिठ्ठी लगी थी, आपनेच तो बोला था लाल चिठ्ठी सबसे पहले. सबसे पहले चढा दी. त्याच्या कर्तव्यदक्षतेबद्दल शाबासकी दिली. मग जरा बसलो.

२९ ऑक्टोबर
ग्वाल्हेरला तार केली होती. उत्तर आलं. पहिली पेटी ट्रकमध्ये पहिली चढली, म्हणून सर्वांत आत गेली. गोदामातही भिंतीला लागून ठेवली गेली आहे. पुढच्या एकशे चाळीस पेट्या क्रमाने उघडल्यावर ती उघडेल, साधारण पौष-माघात.
नियमात चूक नाही. मी पुन्हा तपासला.

३१ ऑक्टोबर
शेवटची तारीख. मिस स्वतः ऑफिसात आल्या. माझ्याशी त्या फार सावकाश बोलतात, कान दुखत असणार. म्हणाल्या की फाइल राहू द्या, हा कोरा फॉर्म घ्या, इथेच एक पान लिहा, मी थांबते. सौ. डबा घेऊन आली होती. तीही म्हणाली, अहो, लिहा ना दोन ओळी, देऊन टाका.
चाळीस मिनिटं बसलो. लिहिणार होतो. पण मूळ अर्ज ग्वाल्हेरला असताना इथे दुसरा केला तर एका इसमाचे दोन अर्ज होतात. एका मास्तरांचा अर्ज मी याच मुद्द्यावर परत पाठवला होता. त्यांनी खूप विनवण्या केल्या होत्या.
फॉर्म कोराच परत दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

२ नोव्हेंबर
दिल्लीचे साहेब आले. मंत्री, डायरेक्टर, खुर्च्या सगळं ग्वाल्हेरला, म्हणून जाजमावर बसवलं. साहेबांना मांडी घालता येईना, मालोजीने त्यांना तक्क्याला टेकवलं. वातावरण मैत्रीपूर्ण.
अर्ज तीन आले होते. निवड प्रेमलताबाईंची. पहिली टाळी मी वाजवली, हे कुठेतरी नोंदलं जायला हवं.
साहेबांनी माझेही आभार मानले. पाणी फार गार होतं म्हणाले. दोनदा म्हणाले.

१९ जानेवारी १९५४
मिसची मुदत वाढल्यामुळे माझा मुक्काम अजून इंदुरातच. ग्वाल्हेरहून फाइल आली. वर शेरा: मुदत संपली आहे, सीनियर क्लार्कने अर्जदारास तसे कळवावे.
कळवलं. अर्जदाराने पोच दिली. फाइल बंद.

२४ जानेवारी, संध्याकाळ
प्रेमलताबाईंना पोचवायला स्टेशनवर गेलो. खांडव्याहून मुंबई, तिथून बोट. निरोपाचं चार पानी इंग्रजी भाषण खिशात होतं. बाईंचे वडील आले होते, शाळेतल्या मुली आल्या होत्या, मिस आल्या होत्या. मी कागद काढणार तोच बाई पाया पडायला वाकल्या. म्हणाल्या, सर, फॉर्म तुम्हीच दिला होता मला. भाषणातलं एक अक्षर आठवेना. जपून जा बाई, पोचल्याचं पत्र टाका, तिकडे थंडी फार असते, एवढंच कसंबसं म्हणालो. गाडी सुटली.
मिस शेजारी उभ्या होत्या. मराठीत म्हणाल्या, जयसिंगरावजी, आज तुमचं सगळं बोलणं मला समजलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग विचारलं, तुम्हालाही जायचं होतं का. मी हो म्हणालो. फार जायचं होतं, असंही म्हणालो. त्यांनी विचारलं, मग त्या दिवशी लिहिलं का नाही.
याचं उत्तर मला मराठीतही देता आलं नाही.