मी बघतो तेव्हाच थांबणारी क्रेन

४ मार्च, सोमवार
क्रेनची केबल काढून वायरलेस रिमोट बसवला. कारखान्यात पहिल्यांदा, आणि माझ्या हातून! जुनी केबल भंगारात दिली. परतीचे दोर कापलेले बरे. क्रेनवर रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आहे, त्याच्याशेजारी वायरलेस कॅमेराही लावला; केबिनमध्ये लॅपटॉप उघडला की क्रेन समोर हजर. क्रेन चालवतात दादा, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. त्यांनी विचारलं, सिग्नल गेला तर? म्हटलं, क्रेन जागच्या जागी थांबेल. पण जाणारच नाही.

६ मार्च
गेला. साच्याचं धूड अधांतरी, खाली फिटर. बिचारे जीव मुठीत धरून पळाले. हवेत इंटरफिअरन्स आहे, दुसऱ्या कशाच्या तरी लहरी रिमोटच्या सिग्नलमध्ये घुसतायत. संकल्प: आठवड्यात छडा लावणार.

७ मार्च
कँटीनचा मायक्रोवेव्ह बंद करवला. लोक माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघतात. बघू देत.

११ मार्च
वेल्डिंग बंद. मोबाइल गेटवर जमा. रिमोटची पॉवर वाढवली. तरी थांबलीच.

१३ मार्च
मोठा शोध! दिवसभर लॅपटॉपला डोळे लावून बसलो. मी बघतो तेव्हाच क्रेन थांबते. जेवायला गेलो की सुरळीत. म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय, मला तोंडघशी पाडायला. आणि रिमोट कुणाच्या हातात असतो? नात्यातला माणूस म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढू काय?

१५ मार्च
साहेबांना रिपोर्ट दिला. नाव घातलं नाही, नुसतं 'ऑपरेटर' लिहिलं. (ऑपरेटर एकच आहे, त्याला मी काय करू?) दादांना गोदामात खोकी उचलायला टाकलं. या वयात. बायकोने विचारलं, दादा मुद्दाम करतो हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत? म्हटलं, कॅमेऱ्यात पाहिलं. तेव्हापासून अबोला.

१८ मार्च
नवा ऑपरेटर. क्रेन थांबलीच. दादांनी त्याला फितवलेलं दिसतंय.

२० मार्च
ताप. घरीच. लॅपटॉप बॅगेत. संध्याकाळी साहेबांचा आनंदाने फोन: आज क्रेन एकदाही थांबली नाही! मला दरदरून घाम फुटला.

२१ मार्च
जेवणाच्या सुट्टीत क्रेन रिकामी चालवायला लावली. लॅपटॉप उघडला, थांबली. मिटला, चालली. पुन्हा उघडला, थांबली. कॅमेरा आणि रिमोट एकाच चॅनलवर. मी बघायला लागलो की कॅमेरा बडबडायला लागतो आणि रिमोटचं क्रेनला ऐकू येत नाही. चॅनल वेगळे ठेवा, असं मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर छापलंय. शी!

२२ मार्च
कॅमेरा काढला. कारण बोललो नाही. योग्य वेळी सांगेन. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. टाळ्या. गोदामाच्या दारात दादाही टाळ्या वाजवत होते. मला मान वर करवेना.
घरी बायको इतक्या दिवसांनी बोलली. विचारलं, मग दोष कुणाचा निघाला? म्हटलं, हवेचा. मग दादाला क्रेनवर कधी घेणार? म्हटलं, सोमवारी साहेबांना सगळं सांगतो. अगदी नक्की.

२५ मार्च, सोमवार
साहेब घाईत होते.
सुटताना गेटवर दादा भेटले. कमरेला पट्टा बांधलेला. म्हणाले, बरं झालं हो, तुमचं नाव राहिलं.
उद्या सांगतो.