केलेब नीगार्डची अनवाणी उंची

१९ फेब्रुवारी
आयोवातल्या एल्क प्रेरीला पोचले. काम : इथल्या कॉलेजचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा सर्वांत उंच गडी, केलेब नीगार्ड, वय वीस, व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये टिकेल का, हे आमच्या क्लबला कळवणं. नियम तीन. घरच्यांशी बोलायचं नाही. कुणाकडे जेवायचं नाही. आकड्यांखेरीज काही लिहायचं नाही.

२० फेब्रुवारी
सामना पाहिला. हात मऊ, पाय जड. दुसरी उडी उशिरा. विरुद्ध बाजूचा कुणी पडला की हात देऊन उठवतो. त्यात दोन सेकंद जातात आणि याने अडवायचा तो गडी मोकळा सुटतो. पाच वेळा मोजलं. माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
कागदावर उंची सहा फूट अकरा. कॉलेजं बुटांसकट मोजतात, वर थोडी पदरची घालतात. मला अनवाणी हवी. सहा फूट दहाच्या खाली भरला तर सेंटर म्हणून विषय संपला.

२१ फेब्रुवारी
कोच लंडीनना म्हटलं, त्याला बूट काढायला सांगा. म्हणाले, बाई, फरशी बर्फासारखी आहे, पोराला सर्दी झाली तर शनिवारी तुम्ही खेळणार का? उद्या नक्की मोजणार.

२२ फेब्रुवारी
नाही मोजली. घोट्याला पट्टी होती म्हणे.

२३ फेब्रुवारी, दुपारी
केलेबची आई डार्लीन शाळेची बस चालवते. माझ्यासमोर बस थांबवून तिने दारातूनच विचारलं, पेट्रोल पंपावरचं सँडविच खाऊन जगतेय ती तूच ना? आज घरी जेवायला यायचं. मी नको म्हटलं. ती दार मिटेना. मागून सगळी मुलं ओरडायला लागली, हो म्हण, हो म्हण, उशीर होतोय!
हो म्हटलं. कारण तांत्रिक. इथे घरात कुणीही बूट घालून फिरत नाही.

२४ फेब्रुवारी
काल बटाटा आणि खिमा, वर चीज, ओव्हनमध्ये भाजलेलं. तीनदा वाढलं, तीनदा खाल्लं. नको म्हणण्यात वेळ गेला असता.
मग लेझर मीटर काढला. केलेब निमूट भिंतीला टेकला. सहा फूट पावणेनऊ इंच.
डार्लीन स्वयंपाकघरात होती. तो हळूच म्हणाला, मी सतरा वर्षांचा असताना कोचनी अकरा लिहून टाकलं, तेव्हापासून वाढायची वाट बघतोय.
मी म्हटलं, अहवाल गोपनीय असतो.

२५ फेब्रुवारी
चुकीच्या शक्यता तपासल्या. संध्याकाळपर्यंत माणूस अर्धा इंच खचतो. गुडघे किंचित वाकलेले : पाव. जुनी लाकडी जमीन : पाव. उपकरण : पाव. एकूण सव्वा. म्हणजे बरोब्बर सहा फूट दहा. ‘अनवाणी, प्रत्यक्ष मोजलेली’ असं लिहून अहवाल पाठवला. भावनेचा संबंध नाही.

१४ एप्रिल
आमचा मुख्य निवडकर्ता पोलार्ड खूश. म्हणाला, बाकीच्यांच्या आकड्यांतून मी दोन इंच कापतो, तुझ्यातून शून्य, कारण तू दगड आहेस. कौतुक म्हणून नोंदवलं.

२० मे
केलेबने क्लबांच्या निवडीसाठी नाव दिलंय. २८ तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत मागे घेतलं, तर कॉलेजात आणखी दोन वर्षं खेळता येईल, शिष्यवृत्तीही राहील. त्यानंतर दोन्ही नाही. पोलार्डने कोचना कळवलंय की आम्हाला रस आहे. उद्या केलेबला फोन करून खरं सांगणार, की हा रस माझ्या ‘सहा फूट दहा’वर उभा आहे.

२१ मे
मीटिंग होती.

२६ मे
फोन केला. डार्लीनने उचलला. बसमधल्या मुलांनी केलेबसाठी फलक रंगवलाय म्हणे, सात फुटी. मग एकदम आवाज उतरवून विचारलं, तू तर त्याला मोजलंयस, तुला काय वाटतं गं? मी म्हटलं, निर्णय कुटुंबाने घ्यायचा असतो. हे नियमाला धरूनच होतं.

२८ मे
मेसेज चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी शब्दरचना संदिग्ध. पाचवा निर्दोष झाला. तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. पाठवला नाही. आता उपयोग काय?

११ जून
आमच्याकडे चाचणी. सकाळी नऊ वाजता ट्रेनरने केलेबला मोज्यांवर उभं केलं. सहा फूट पावणेनऊ इंच. मी म्हटलं, उपकरण तपासायला हवं. पोलार्ड म्हणाला, यापुढे तुझ्यातूनही दोन इंच.

२७ जून
निवड आटोपली. केलेबचं नाव कुठल्याही क्लबने घेतलं नाही.
दुपारी त्याचा फोन आला. कॉलेजने जागा दुसऱ्याला दिलीय. पण फोन त्यासाठी नव्हता. माझ्यामुळे तुमच्या कामाला बट्टा लागला, म्हणाला, सॉरी, मॅडम.
मी म्हटलं, हरकत नाही.