ट्रॅक्टर झाकून ठेवला आहे

अहो,

हिरवळ कापायचा ट्रॅक्टर थंडीसाठी आवरून झाकून ठेवला आहे. साइटवरून तुमचं घरी येणं दर गुरुवारी पुढे जातंय, म्हणून मीच केलं. पात्यांचं गवत खरवडलं, ग्रीस लावलं, पेट्रोल संपेपर्यंत कंपाउंडमध्ये फेऱ्या मारल्या. शेजारची किशोरी ओरडली, "वहिनी, बाहेर रस्त्यावर आपल्या बायकांना स्टिअरिंगला हात लावता येत नाही, इथे हौस फेडून घ्या!" आठवडाभरात माझ्याशी कुणी बोललं ते तेवढंच. काढलेली बॅटरी गार लादीवर ठेवायची नाही म्हणता, म्हणून तिला देवापुढचा पाट दिलाय. नैवेद्य ओट्यावरून दाखवला.

आज किशोरीच्या घरच्यांबरोबर दम्मामहून निघून नाशिकला जाते आहे. दिवाळीला दोघांनी जायचं म्हणून इथून जाऊन परत यायचा व्हिसा काढलात, तो अजून चालतो; पण दिवाळी मी इथेच एकटीने केली. रागावले नाही. जप संपला की घरात आवाजच उरत नाही, ते आता सोसवत नाही.

आमटी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या.

परतीचं तिकीट काढलेलं नाही. देवाजवळ काही मागायचं नाही हा माझा नेम, म्हणून तुमच्याजवळ मागते. फोन करून "ये" म्हणा. मी येईन.

प्रमिला